भर श्रावणात कुरडया

अमरावती,
दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. माधवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणून शेवटी मीच पेन शोधलं. फोन केला असता, पण आमच्या घरातला फोन म्हणजे गावची चावडी. मी हॅलो म्हटलं की तुझे दादा हॉलमधून उत्तर देतात, आणि माझे मेसेज ललितच्या लॅपटॉपवर उघडे पडलेले असतात. पत्राचं बरं असतं. ते आलं की दादा चष्मा शोधायला उठतात, आणि चष्मा कुठे आहे हे फक्त मला माहीत असतं.

इकडे सगळे ठीक. दादांचा गुडघा दुखतो आणि त्याचा राग ते बातम्यांवर काढतात. ललित मागच्या रविवारी कामानिमित्त अकोल्याला गेला होता, तेव्हा तुझ्याकडे डोकावला. जिन्यात बायकांच्या चौदा जोडी चपला होत्या आणि वरून हसण्याचा गोंगाट येत होता, असं त्याने सांगितलं. तू म्हणे त्याला दारातच अडवलंस. वर कुरडया घालणं चालू आहे, बायकांचे हात ओले आहेत, तू वर जाऊ नको, असं सांगून चहावर बोळवण केलीस. आत्याने गृहउद्योग काढला म्हणून तो चार जणांना कौतुकाने सांगत फिरतो आहे. पोरगं इंजिनियर आहे, त्याला मी दोष देत नाही.

पण बाई, मी अचलपूरची. सातव्या वर्षापासून कुरडया घालते आहे. तीन दिवस गहू भिजवा, वाटा, चीक शिजवा, आणि मग वर कडक ऊन पाहिजे. भर श्रावणात, चार दिवस सूर्य दिसला नाही अशा हवेत, कुरडया कोण घालतं? त्यांना बुरशी येईल आणि तुला अक्कल नाही असं लोक म्हणतील. तेव्हा वर काय शिजतं आहे ते मला खरं सांग.

हे विचारायला कारण आहे. खुशालराव म्हणून दादांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांना अकोल्यात कोचिंग क्लास काढायचा आहे. तात्या गेल्यावर अकोल्याच्या घराचा खालचा मजला तुला आणि वरचा दादांना असं ठरलं होतं, ते तुला माहीतच आहे. आता दादा म्हणतात की पुढच्या जूनपासून वरचा मजला क्लासला द्यायचा, आणि ती भाडेकरू आरती दुसरीकडे जागा पाहील. मी अजून हो-नाही काही बोलले नाही. आधी तुझं उत्तर येऊ दे.

तब्येतीला जप. वहिनीवर जीव आहे तेवढा राहू दे.

तुझी,
सुंदरावहिनी

---

अकोला,
दि. २० ऑगस्ट २०२५

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण माझी कॉपी पकडावी तर तूच. मी आधी चार ओळींचं एक खोटं पत्र लिहिलं होतं, त्यात चीक बिघडला वगैरे होतं. ते फाडलं. आता खरं लिहिते, बसून वाच.

आरती भाडेकरू नाही. एकवीस वर्षं झाली, ती आणि मी बरोबर राहतो, नवरा-बायको राहतात तसं. तू दर दिवाळीला तिच्यासाठी वेगळी साडी पाठवतेस, ती कोणत्या नात्याची हे तुला माहीत नव्हतं इतकंच. इंग्रजीत आम्हाला लेस्बियन म्हणतात. आपल्याकडे मैत्रीण म्हणून सोडून देतात, आणि त्या एका शब्दाखाली माणसाचा जन्म निघून जातो.

आता वरच्या गोंगाटाचं. आरती बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत असते, लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारते. सहा वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं की दोन मुली दर शनिवारी एकाच बाकावर येऊन बसतात. अचलपूरची गाडी पुकारली की मान वर करतात आणि तशाच बसून राहतात. मग दर्यापूरची जाते, मग मूर्तिजापूरची. पाच तास बसून दोघी दोन दिशांना निघून जातात. एकदा तिने त्यांना खिडकीशी बोलावून विचारलं, की पोरींनो, तुम्हाले जायचं तरी कुठं आहे. धाकटी रडायलाच लागली. त्यांना कुठेच जायचं नव्हतं. घरी भाऊ, बागेत टवाळ पोरं, हॉटेलात ओळखीचे. दोन बाया तासन्‌तास शेजारी बसल्या तरी कोणी विचारत नाही अशी जागा एकच, बसस्टँड, कारण तिथे सगळ्यांना वाटतं की या कुठेतरी निघाल्या आहेत.

आरतीला हे चटकन कळलं, कारण आम्ही दोघीही तिथेच भेटलो. मी शाळेतून येऊन मूर्तिजापूरला निघाल्याचं सोंग करून किती गाड्या सोडल्या त्याचा हिशेब नाही. तर तिने त्या दोघींना आपल्या गच्चीवर बोलावलं. मग ज्या कोणी चार चार गाड्या सोडून बसलेल्या दिसल्या, त्यांना खिडकीतून हेरून हळूच पत्ता देऊ लागली. आज चौदा जणी आहेत. रविवारी येतात. आडनाव सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही आणि कोणाचं लग्न जमवायचं नाही, एवढेच नियम. करतो काय म्हणशील तर काहीच नाही. पोहे खातो, भांडतो, एकमेकींच्या वेण्या घालतो. एक पोलिसात आहे, ती मैत्रिणीच्या मांडीवर डोकं ठेवून तीन तास घोरते. आठवडाभर आवळून धरलेलं तोंड सैल सोडायला येतात, वहिनी.

वरचा मजला गेला तर आरती खाली माझ्याजवळ राहील, दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांना कोण विचारतं? पण क्लासच्या पोरांच्या येण्याजाण्यात चौदा पोरींना खाली बसवता येणार नाही, आणि त्यांना घेऊन बसता येईल अशी दुसरी खोली या गावात मला कोणी देणार नाही. त्या परत बाकावर जातील. मला त्याची भीती वाटते, फार वाटते.

हे पत्र दादाला दाखवायचं की नाही ते तू ठरव. इतकी वर्षं लपवलं, त्याची माफी मागते. आरतीचा नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नको.

तुझी,
माधवी

---

अमरावती,
दि. ३ सप्टेंबर २०२५

चि. माधवीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. वाचून गव्हाच्या कोठीत तळाशी घातलं आणि दहा दिवस कोणाशी नीट बोलले नाही. तुझ्या दादांना वाटलं मला पित्त झालं, त्यांनी सोलकढी आणून दिली.

तुला वाटत असेल मी त्या गोष्टीवर रागावले. त्या गोष्टीचं मला अजून काही समजत नाही, ते सावकाश समजेल. मी रागावले ते वेगळ्यासाठी. अगं भवाने, मी तुझ्यासाठी वीस वर्षं स्थळं पाहिली! भातकुलीचा तो बिजवर, पेट्रोलपंपवाले देवमनराव, तो होमिओपाथीचा डॉक्टर ज्याच्या कानात केस होते. प्रत्येकाच्या आईपुढे मी तुझ्या स्वयंपाकाची खोटी तारीफ केली. तू करणार नाहीस म्हणून तुझ्या वाट्याचे सोळा सोमवार मी केले. ते उपास मला कोण परत देणार आहे? एक शब्द बोलली असतीस तर मी निदान साबुदाणा तरी वाचवला असता.

आणि चौदा बायका गच्चीवर बसवतेस आणि सांगायला काय तर कुरडया. खोटं बोलायचं तर ऋतू पाहून तरी बोलावं माणसाने.

येत्या चौदा तारखेच्या रविवारी मी येते आहे. दादांना सांगितलं आहे की तुझी तब्येत बरी नाही, तेव्हा चेहरा तसा ठेव. मी काही कबूल करत नाही. मला डोळ्यांनी पाहायचं आहे. आरतीला सांग, माझ्यासाठी वेगळं काही करू नको, पण पोह्यांत दाणे घाल.

लोभ आहेच, फक्त सध्या फुगून बसला आहे.

सुंदरावहिनी

---

अकोला,
दि. १७ सप्टेंबर २०२५

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस ना? तू गेल्यापासून इथे तुझ्याशिवाय दुसरा विषय नाही.

खरं सांगते, जिन्यात तुझी चप्पल वाजली तेव्हा वर सगळ्या पोरी पदर-ओढण्या सारख्या करायला लागल्या. पोलिसवाली तर उठून सावधानमध्ये उभी राहिली. तू सगळ्यांकडे पाहिलंस आणि पहिला प्रश्न काय विचारलास, तर सोऱ्या कोणाच्या घरी आहे. एकीच्याही नव्हता. मग तू जे झाडलंस ते पोरी अजून एकमेकींना करून दाखवतात. पितृपक्षात काय सांगायचं, महालक्ष्म्यांत काय, चैत्रात काय, असं वर्षभराच्या थापांचं पंचांगच तू तोंडी सांगितलंस. आणि शेवटी पिशवीतून घरचा कापूस काढून मध्ये ठेवलास. देवापुढे लाख वाती लावायचा संकल्प आहे म्हणून सांगा, वातींना ऊन लागत नाही, ऋतू लागत नाही, आणि लाख म्हणजे पाच वर्षांची निश्चिंती. आम्ही सहा वर्षं डोकं लढवून कुरडयांवर अडकलो होतो. आरतीने कळवायला सांगितलं आहे की ती बाबासाहेबांना मानणाऱ्या घरातली, वाती वळून देईल पण लावणार नाही.

तुझ्या शेजारी बसली होती ती बारीक मुलगी अपेक्षा, भातकुलीची. तिच्या घरी स्थळं बघून राहिले आहेत. तू निघताना तिने तुला विचारलं, की आईला हे कळलं तर आई काय करेल. मी घाबरले, तू काय बोलशील म्हणून. तू सांगितलंस की आधी रडेल, मग ओरडेल, मग जेवलीस का म्हणून विचारेल. त्या तिसऱ्याची वाट पाहायची आणि तोवर इथं येत राहायचं. आणि तिसरं नाहीच आलं तर माझा पत्ता लिहून घे, असंही म्हणालीस. पोरीने तो पत्ता हातावर लिहून घेतला. सोमवारी आंघोळ केली नाही म्हणे.

पण मला तू काहीच न बोलता गेलीस. मी वाट पाहते आहे. वरच्या मजल्याचं दादाजवळ काही बोललीस का, ते कळव. आपुलकी आहेच, थोडी पोस्टानेही येऊ दे.

तुझी,
माधवी

---

अमरावती,
दि. १५ ऑक्टोबर २०२५

चि. माधवीस,
अ. उ. आ.

वाईट बातमी आहे, ती आधी सांगते. दिवाळीची आवराआवर करताना दादांनी गव्हाची कोठी सरकवली. कोठी त्यांच्या बापजन्मी त्यांनी हलवली नव्हती, यंदाच कुठून उत्साह आला कोण जाणे. तुझं पत्र त्यांना सापडलं, आणि त्या दिवशी चष्माही नाकावरच होता.

चार दिवस ते टीव्ही आवाज बंद करून पाहत होते. पाचव्या दिवशी मला म्हणाले की यंदा माधवीला भाऊबीजेला येऊ नको म्हणून सांग. खुशालरावांनाही फोन करून जूनचं पक्कं केलं. मी पुष्कळ भांडले. त्यांचं म्हणणं एकच. माधवीचा संसार असता, घराला जावई असता, तर वरचा मजला मी स्वतः त्याच्या हाती दिला असता. पण जावई नाही तर घर कोणासाठी अडवून ठेवायचं. मी विचारलं की खुशालराव तुमचा कोणत्या बाजूने जावई लागतो. त्यावर ते पान खायला गेले.

तू रडशील हे मला ठाऊक आहे. मीही कणीक मळताना रडले, यांना पोळ्या खारट लागल्या. त्या दिवशी मी न बोलता निघाले त्याचं कारण इतकंच, की त्या गच्चीवर मी दिवसभर हसले होते, आणि बसमध्ये बसल्यावर मला आठवेना की त्याआधी कधी हसले होते. मी तुझ्या बाजूची आहे. आता यांचं काय करायचं ते पाहते. बाई, माझ्यावर भरवसा असू दे.

सुंदरावहिनी

---

अकोला,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय वहिनी,
सप्रेम जयभीम.

माझं पत्र पाहून आश्चर्य वाटेल. मला लिहायची सवय नाही, मी पुकारा करणारी बाई. म्हणून थोडक्यात.

अपेक्षाने घरी सांगितलं की तिला लग्न करायचं नाही, आणि का तेही सांगितलं. तीन दिवस ती वरच राहिली. चौथ्या दिवशी तिची आई आली. जिना चढली नाही, खालच्या पायरीवर डबा ठेवून, पोरगी जेवली का एवढंच माधवीला विचारून परतीच्या गाडीने गेली. ही जागा नसती तर त्या मुलीने त्या तीन दिवसांत काय केलं असतं, याचा मला विचार करवत नाही. मी रोज फलाटावर बसते, मी पाहिलेलं आहे.

म्हणून एक सुचवते. मी जवळच्या गल्लीत खोली पाहिली आहे. मी निघून गेले तर तुम्हाला किसनदादांना सांगता येईल की भानगड मिटली, वर आता फक्त वाती वळणाऱ्या बायका येतात. माझ्या जाण्याने ती खोली राहत असेल तर मला चालेल. माधवीला हे सांगितलेलं नाही, ती ऐकणार नाही.

गैर वाटल्यास सांभाळून घ्या.

आपली नम्र,
आरती

---

अमरावती,
दि. २१ मे २०२६

चि. माधवीस,
अ. उ. आ.

ऊन सत्तेचाळीसला टेकलं आहे. आता खुशाल कुरडया घाल, कोणी काही म्हणणार नाही.

तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट आज सांगते. आरतीने नोव्हेंबरात मला पत्र लिहिलं होतं, घर सोडून जाते म्हणून. मी तिला कार्डावर एकच ओळ कळवली, की सामान बांधलंस तर मी अमरावती सोडून तुझ्याच खोलीत राहायला येईन, आणि मी घोरते. त्यानंतर तिने त्या खोलीचं नाव काढलं नाही. तू तिला आता रागावू नको, मी त्या ओळीत पुरेशी रागावले आहे.

सहा महिने मी इकडे यांना घोळात घेते आहे, पण गडी हलत नाही. भाऊबीजेला दाराकडे पाहत बसले होते, विचारलं तर म्हणे पेपरवाल्याची वाट पाहतो. संक्रांतीला तुझा तिळगूळ आला तो चोरून खाल्ला. मात्र जूनचं विचारलं की तेच, की जावई असता तर.

तर या रविवारपासून धोंड्याचा महिना लागला आहे. अधिक महिन्यात लेकीला आणि जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात. मायबाप नसले तर भाऊ-भावजयीने करायचं. आपल्या घरात हे आजवर कधी झालं नाही, लाजच वाटली मला. सात जूनच्या रविवारी तुम्ही दोघींनी यायचं. दादांना मी सांगितलं आहे की लेक-जावई जेवायला येणार. कोणती लेक म्हणून त्यांनी विचारलं. आपल्याला लेक नाही, बहीण आहे, असं म्हणून मी पुरण वाटायला गेले. ते अजून स्वयंपाकघराच्या दारात उभे आहेत.

आरतीला सांग, पूजा नाही, दिवा नाही, तिच्या मनाविरुद्ध काही नाही. फक्त जेवण. नवी साडी नेसून या आणि भांडण झालं तर ताट हातात घेऊन उठा, अन्न टाकायचं नाही.

येणं टाळशील तर नातं टाळलंस असं समजेन.

सुंदरावहिनी

---

अमरावती,
दि. ११ जून २०२६

चि. माधवीस आणि आमच्या जावईबाई आरतीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचं कळलं. माधवी, तू रविवारी दीड तास ताटात मान घालून बसली होतीस, तुला काहीच दिसलं नाही, म्हणून लिहिते.

जावयाचे पाय धुवायला तांब्या घेऊन तुझे दादा उभे राहिले. रीत म्हणून उभे राहिले, तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. आरतीने त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि सांगितलं की मोठ्या माणसाने पाय धुतलेले तिला चालायचे नाहीत, ती आपले आपण धुते. यांचा निम्मा राग तिथेच उतरला, कारण गुडघ्यामुळे त्यांना वाकता येत नाही हे तिने ओळखलं. मग ती दोन वाक्यं बोलली असेल-नसेल, हे घास हातात धरून तिच्याकडे पाहायला लागले. अकोल्याहून परतवाड्याची गाडी कोणत्या फलाटावर लागते हे वीस वर्षं आपल्याला सांगणारी बाई हीच, हे त्यांना आवाजावरून कळलं. त्यानंतर दोघांनी यस्टीच्या वेळापत्रकावर जे सुरू केलं ते मठ्ठा संपला तरी थांबेना.

आणि तू ऐकलं नाहीस ते हे. आरतीने तिसऱ्या धोंड्याला नको म्हटलं, तेव्हा यांनी वाढलाच. वाढताना म्हणाले की जावयानं लाजू नये. आग्रहाची सवय, तोंडातून निघून गेलं. मी वाटी धरून उभी होते, वाटीतलं तूप सगळं पदरावर सांडलं. ते मात्र पुढचा घास खात राहिले.

म्हणून मला वाटलं की एवढंच झालं, पंगतीत निघालेला शब्द पंगतीत विरतो. पण काल खुशालराव किल्ली मागायला आले. बाकं तयार आहेत, फळा आणला आहे, सोमवारपासून वर्ग. मी चहा ठेवायच्या निमित्ताने दाराआड उभी राहिले. चौदा पोरींची ती गच्ची माझ्या डोळ्यांसमोर होती.

तुझ्या दादांनी शांतपणे पान जमवलं, चुना लावला, आणि त्यांना सांगितलं की किल्ली देता यायची नाही, वरचा मजला रिकामा नाही, तिथं आमचे जावई राहून राहिले. खुशालराव चाट पडले. किसनराव, तुमच्या बहिणीचं लगन कवा झालं, आमाले कसं मालूम नाही, असं विचारू लागले.

यांनी उत्तर दिलं की एकवीस वर्षं झाली म्हणे, मलेच उशिरा कळलं.

पोरींना रविवारी येऊ दे. तुम्हा दोघींवर माझी माया आहे, ती आता चोरून पाठवायची गरज उरली नाही.

तुमची,
सुंदरावहिनी